डोळ्यापेक्षा चपळ आरसा

‘‘हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला लावा. हिरव्या खुणेकडे बघा आणि आता हलू नका, आजी.’’

‘‘मी कुठं हलतेय, बाळा?’’

डोळ्यांच्या विभागात ओसीटी स्कॅनच्या खोलीत हा संवाद दिवसातून कितीतरी वेळा होतो. आजी खोटे बोलत नसतात. मान स्थिर असते, श्वाससुद्धा त्यांनी रोखून धरलेला असतो. तरीही संगणकावर उमटलेल्या चित्रात एखादी रक्तवाहिनी मध्येच तुटून बाजूला सरकलेली दिसते आणि तंत्रज्ञ मुलगी पुन्हा बटण दाबते. हलतो तो डोळा, आणि तो मालकाला विचारून हलत नाही. एका जागी टक लावून पाहतानाही माणसाचा डोळा सेकंदाला एक-दोन वेळा बारीकसा झटका घेतो, मधल्या वेळात हळूहळू घसरतो आणि त्यावर एक सूक्ष्म कंप सतत चालूच असतो. हा दोष नव्हे. प्रयोगशाळेत एखादे दृश्य डोळ्याच्या पडद्यावर अगदी एकाच जागी खिळवून ठेवले, तर काही क्षणांत ते विरून जाते. दिसत राहण्यासाठी डोळ्याला हलावेच लागते.

म्हणजे बदलायचे ते यंत्राने. डोळा हलायच्या आत चित्र काढून मोकळे व्हायचे, एवढाच मार्ग उरतो. गेल्या तीसेक वर्षांत हा वेग कसा वाढत गेला, याची गोष्ट एका आरशाची आहे. सुरुवातीच्या यंत्रात हा आरसा काही मिलिमीटर पुढेमागे सरकत असे. आज तो थेट लेझरच्या आत जाऊन बसला आहे आणि सरकतो जेमतेम अर्धा मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यावरून या हालचालीचा अंदाज यावा.

ओसीटीचे पूर्ण नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. सोप्या भाषेत ही प्रकाशाची सोनोग्राफी. सोनोग्राफीत ध्वनिलहरी शरीरात पाठवतात, प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजतात आणि त्यावरून खोली ठरवतात. प्रकाशाच्या बाबतीत हे सरळ जमत नाही. दहा मायक्रॉन अंतर प्रकाश सुमारे 33 फेम्टोसेकंदांत ओलांडतो. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग. एवढे बारीक मोजणारे घड्याळ कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. म्हणून युक्ती करावी लागते. प्रकाशाचे दोन भाग करायचे. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशावर. परत आल्यावर दोन्ही एकमेकांत मिसळायचे. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल तरच लहरी एकमेकींत गुंतून संदेश देतात. आरसा थोडा मागे घेतला की डोळ्यातला थोडा खोलचा थर ‘ऐकू’ येतो.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1991 साली ही पद्धत ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगासमोर आली. जेम्स फुजिमोटो यांच्या प्रयोगशाळेत डेव्हिड हुआंग हे तेव्हा वैद्यक आणि अभियांत्रिकी एकदम शिकणारे विद्यार्थी होते. एरिक स्वॉन्सन उपग्रहांमधल्या लेझर संदेशवहनावर काम करणारे अभियंते. या तिघांना 2023 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. डॉक्टर, भौतिकीतला माणूस आणि उपग्रहवाला एका टेबलाशी बसल्याशिवाय हे यंत्र झाले नसते. वैद्यकशास्त्रातल्या पुष्कळ उपकरणांचे मूळ असे दुसऱ्याच्या अंगणात सापडते.

पण त्या यंत्राचा आरसा खरोखरच मागेपुढे सरकवावा लागे. एकदा सरकला की डोळ्यातल्या एका बिंदूखालची एक उभी रेघ मिळायची. पुढे रुग्णालयांत पोचलेल्या यंत्रांत हा वेग सेकंदाला 400 रेघांपर्यंत गेला. ऐकायला बरे वाटते, पण हिशेब करून पाहा. डोळ्याच्या पडद्याच्या एका चौकोनाचे नीट त्रिमितीय चित्र हवे तर 500 गुणिले 500, म्हणजे अडीच लाख रेघा लागतात. सेकंदाला 400 या वेगाने दहा मिनिटांहून अधिक वेळ लागेल. दहा मिनिटे डोळा न हलवणारा रुग्ण अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे त्या काळी मोजक्याच रेघा घ्यायच्या आणि मधली जागा संगणकाने अंदाजाने भरायची, असे चाले. सुजेचा छोटा कप्पा दोन रेघांच्या मध्ये पडला तर तो निसटून जायचा.

यातून सुटका झाली ती आरसा सरकवणे बंद करून. आरसा एका जागी ठेवायचा आणि त्याऐवजी प्रकाशाचा रंग बदलायचा. (इथे ‘रंग’ म्हणजे तरंगलांबी. हा प्रकाश बहुधा अवरक्त असतो आणि डोळ्याला जवळपास दिसतच नाही.) रंगाचा आणि खोलीचा काय संबंध? समजा एखादा भोंगा खालच्या सुरावरून वरच्या सुराकडे एकसारखा चढत जातो आहे आणि समोरच्या डोंगरावरून त्याचा प्रतिध्वनी येतो आहे. प्रतिध्वनी पोचेपर्यंत भोंगा पुढच्या सुरावर गेलेला असतो. डोंगर जितका दूर, तितका या दोन सुरांतला फरक मोठा. आता तानपुरा आठवा. दोन तारा सुराला किंचित सरकलेल्या असल्या की त्यांच्या एकत्र आवाजात लाटेसारखा चढउतार ऐकू येतो. फरक वाढला की लाटा जलद होतात. रंग बदलत जाणाऱ्या लेझरचे तसेच. जवळच्या थरावरून परतलेला प्रकाश संथ लाट देतो, खोल थरावरचा जलद. सगळ्या थरांच्या लाटा एकदम येतात, आणि फूरियर या फ्रेंच गणितज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी दिलेल्या गणिताने संगणक त्या वेगळ्या करतो. लेझरचा रंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला की खोलीची अख्खी रेघ मिळाली. रंगांचा पट्टा जितका रुंद, तितके थर अधिक बारकाईने वेगळे दिसतात. रंग जितक्या भरभर फिरेल, तितकी यंत्राची गती.

सगळा भार आता लेझरवर आला. पण लेझरचा गुण हाच की तो एका रंगाला चिकटून राहतो. त्याला रंग बदलायला लावायचे कसे?

बासरी वाजवणारा भोके बंद-उघडी करतो, तेव्हा आतल्या हवेच्या स्तंभाची लांबी बदलते आणि सूर बदलतो. लेझरही एका अर्थी प्रकाशाची बासरीच आहे. दोन आरसे, मध्ये प्रकाश वाढवणारा पदार्थ, आणि आरशांमधल्या अंतरात नेमकी बसेल तीच तरंगलांबी वाजते. आरशांतले अंतर बदलले की रंग बदलला. अडचण अशी की नेहमीच्या अर्धवाहक लेझरची पोकळी त्या मानाने फार लांब असते. तिच्यात एकाच वेळी पुष्कळ तरंगलांब्या बसू शकतात आणि लेझर एकीवरून दुसरीवर उडी मारतो. सूर मींडेसारखा घसरत जायला हवा, तर तो पेटीच्या पट्ट्यांसारखा टप्प्याटप्प्याने जातो.

टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे केनिची इगा यांना 1977 साली सुचले की लेझर आडवा न ठेवता उभा करावा. चिपच्या कडेने प्रकाश बाहेर काढण्याऐवजी वरच्या पृष्ठभागातून काढायचा. मग पोकळी काही मायक्रॉनांइतकी आखूड होते आणि तिच्यात एकच तरंगलांबी बसते. त्यांचा पहिला नमुना 1979 मध्ये चालला, तोही अतिशीत तापमानाला. आज हेच उभे लेझर संगणकाच्या माउसमध्ये आहेत, आणि चेहरा ओळखून उघडणाऱ्या काही फोनमध्येही. पुष्कळांच्या खिशात ते रोज असतात आणि कुणाला पत्ता नसतो.

पोकळी आखूड झाल्यावर पुढचा विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत कॉनी चँग-हॅस्नेन यांच्या गटाने केला. वरचा आरसा चिपला चिकटवून न ठेवता हवेत तरंगता ठेवायचा. 1995 साली त्यांनी असा लेझर करून दाखवला आणि पाठोपाठ स्टॅनफर्डमधूनही तसाच आला. नदीत उडी मारायच्या फळीसारखी एक अतिसूक्ष्म पट्टी, तिच्या टोकाला आरसा आणि खाली हवेची बारीक फट. पट्टी आणि खालचा भाग यांच्यात विद्युतदाब दिला की दोन्हींवर विरुद्ध भार जमतो आणि ते एकमेकांना ओढतात. केस विंचरलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात, ते ज्या ओढीने, तीच ही ओढ. आरसा खाली येतो, पोकळी आखडते, प्रकाश आखूड तरंगलांबीकडे सरकतो. दाब काढला की पट्टीची लवचीकता आरशाला जागेवर नेते. ना मोटर, ना दातेरी चाक. एक छोटीशी यांत्रिक हालचाल, आणि तिला हलवणारी वीज.

या ओढीला एक खोड आहे. अंतर कमी होत गेले की ती झपाट्याने वाढते, पण पट्टीचा विरोध सरळ प्रमाणातच वाढतो. फटीच्या एक तृतीयांशापर्यंत आरसा आज्ञेत राहतो. त्यापुढे सावकाश खाली आणू गेले तर ओढ जिंकते आणि आरसा खाली आपटून चिकटतो. म्हणून अर्धा मायक्रॉन हलायचे असेल तर फट निदान दीड मायक्रॉनची ठेवावी लागते. लेझर बनवणाऱ्यांची रोजची डोकेदुखी ती हीच.

गंमत म्हणजे या साऱ्या खटाटोपात डोळा कुणाच्या मनातही नव्हता. दूरसंचाराचा विचार होता. एका काचतंतूतून डझनावारी रंगांचे संदेश जातात, प्रत्येक रंगाला वेगळा लेझर आणि प्रत्येकाचा एक राखीव. त्याऐवजी हवा तो रंग देणारा एकच लेझर असला तर किती सोय, असा तो हिशेब.

वेगाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. उभ्या लेझरला शेकडा 99 हून अधिक प्रकाश परतवणारा आरसा लागतो. तो मिळवण्यासाठी दोन पदार्थांचे थर एकावर एक असे डझनावारी रचतात. आरसा काही मायक्रॉन जाड होतो आणि त्या जगाच्या मानाने चांगलाच वजनदार. जड झोपाळा सावकाश हलतो, हलका झरझर. बर्कलीच्या गटाने 2007 आणि 2008 मध्ये ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये यावरचा तोडगा मांडला. थरांचा ढीग काढून टाकायचा आणि त्याजागी एकाच पातळ थराची जाळी लावायची. खिडकीच्या गजांसारख्या समांतर पट्ट्या, मध्ये हवा, आणि पट्ट्यांतले अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कमी. जाडी जेमतेम पाव मायक्रॉन. एवढी भोकाभोकांची वस्तू आरशाचे काम करते हे मनाला पटत नाही, पण पट्ट्यांची रुंदी आणि जाडी नेमकी साधली की आरपार जाऊ पाहणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात आणि जवळजवळ सगळा प्रकाश मागे फिरतो. वजन एवढे घटल्याने आरसा लहान करता आला आणि त्याची हालचाल कितीतरी जलद झाली. आरसा नॅनोमीटरच्या मापाचा झाल्यामुळे या लेझरला नॅनो-विद्युत-यांत्रिक म्हणू लागले.

डोळ्याकडे हा मार्ग वळला तो 2012 च्या सुमारास. फुजिमोटो यांच्याच एमआयटीतल्या गटाने, लेझर बनवणाऱ्या कंपन्यांच्या साथीने, तरंगत्या आरशाचा उभा लेझर ओसीटीला जोडला. त्यात बर्कलीची जाळी नव्हती, थरांचाच आरसा होता. युक्ती मात्र तीच, विजेने ओढून आरसा हलवायची. तरंगलांबी 1050 नॅनोमीटरच्या आसपास, पट्टा सुमारे 100 नॅनोमीटरचा. वेग किती? सेकंदाला पाच लाखांहून अधिक रेघा. अडीच लाख रेघांचे जे चित्र जुन्या यंत्राला दहा मिनिटांत जमले नसते, ते अर्ध्या सेकंदात. डोळ्याचे दोन झटके येतात त्यांच्या मधल्या उसंतीत. (जाळीच्या आरशाचे लेझरही पुढे या तरंगलांबीला तयार झाले.)

आणखी एक लाभ झाला. अशा लेझरचा प्रकाश लांब अंतरापर्यंत शिस्तीत राहतो, म्हणून बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत चोवीसेक मिलिमीटरचा अख्खा डोळा एका दमात मोजता येतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत कोणत्या नंबरचे भिंग बसवायचे ते याच लांबीवर ठरते. एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याच्या नंबरात अडीच-तीनचा फरक पडतो. शिवाय ही लांब तरंगलांबी धूसर मोतीबिंदूतून अधिक चांगली पार होते आणि नेत्रपटलामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरापर्यंत पोचते. रुग्णाला ती जवळपास दिसतच नसल्याने तो फिरत्या रेघेमागे नजर फिरवत नाही, हेही कमी नाही.

मधुमेहाच्या रुग्णाला याचा काय उपयोग, ते पाहू. नेत्रपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, सगळे त्याच्याच जोरावर. मधुमेहात बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि तिथे सूज येते. एरवी तिथली जाडी अडीचशे मायक्रॉनच्या आसपास असते. सूज आली की ती तीनशे, चारशे, कधी त्याहून वर जाते. डोळ्यात इंजेक्शन द्यायचे का, पुढचे कधी, की थांबून पाहायचे, हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. पन्नास मायक्रॉनचा फरक, म्हणजे केसाच्या जाडीहून कमी, कित्येक हजार रुपयांचा आणि महिनाभराच्या दृष्टीचा निर्णय फिरवतो. डोळा हलल्याने बिघडलेल्या चित्रावर तो घेणे धोक्याचे.

वेगामुळे दुसरी एक तपासणी शक्य झाली. त्याच जागेची चित्रे लागोपाठ घेतली, तर स्थिर ऊती तशीच राहते आणि वाहणाऱ्या रक्तपेशींमुळे तेवढाच भाग बदललेला दिसतो. त्या फरकातून रक्तवाहिन्यांचा नकाशा उभा राहतो. पूर्वी यासाठी दंडातल्या शिरेतून रंगद्रव्य टोचावे लागे. त्याने काहींना मळमळते, क्वचित कुणाला गंभीर अॅलर्जी होते. त्या तपासणीची गरज आजही संपलेली नाही, कारण रक्तवाहिनी झिरपते आहे हे रंगद्रव्यच दाखवते. पण मूत्रपिंड थकलेल्या, वय झालेल्या रुग्णाला दर वेळी टोचावे लागत नाही, हा दिलासा खरा आहे.

‘लेझर’ शब्दाने रुग्ण घाबरतात आणि ते समजण्यासारखे आहे. मधुमेहाच्या उपचारात जो लेझर देतात तो नेत्रपटलावर मुद्दाम बारीक चटके देतो. त्याची शक्ती शेकडो मिलिवॅटच्या घरात असते. स्कॅनचा प्रकाश एक-दोन मिलिवॅट किंवा त्याहूनही कमी, आणि तो एका जागी थांबत नाही. त्याने पडदा जळत नाही.

सगळीकडे ही नवी यंत्रे आहेत, असे मात्र समजू नये. बहुतेक रुग्णालयांत मधल्या पिढीची यंत्रे आहेत. त्यांत लेझरऐवजी रुंद पट्ट्याचा दिवा असतो आणि परतलेला प्रकाश वर्णपटात पसरून कॅमेऱ्याने टिपतात. सेकंदाला वीस हजार ते लाखाच्या आसपास रेघा. पीतबिंदूच्या सुजेवर लक्ष ठेवायला ती पुरतात. रंग बदलणाऱ्या लेझरची यंत्रे महाग आहेत आणि त्यांतही प्रत्येकात तरंगता आरसा असतोच असे नाही. आरसा चिपवरच तयार होतो आणि एका चकतीवर असे पुष्कळ लेझर एकदम बनतात, त्यामुळे किंमत उतरण्याची आशा आहे. पण आशेवर यंत्रे विकत घेता येत नाहीत.

भारतातली खरी अडचण यंत्राच्या आधीची आहे. आयसीएमआर-इंडियाब पाहणीच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. यातला मोठा वर्ग डोळ्याचा पडदा दाखवायला येतो तो अक्षरे वाकडी दिसू लागल्यावर. तोवर सूज जुनी झालेली असते. नेत्रपटलाचा मधुमेही विकार सुरुवातीला दुखत नाही, डोळा लाल होत नाही, चष्म्याचा नंबरही कित्येकदा तोच राहतो. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि त्यानंतर दरवर्षी पडदा तपासायचा असतो. लहानपणी इन्सुलिन सुरू झालेल्यांनी पाच वर्षांच्या आत. मधुमेही स्त्रीला दिवस गेले तर सुरुवातीच्या महिन्यांतच. या पहिल्या तपासणीला लेझर लागत नाही. बाहुली मोठी करायचे थेंब आणि पडदा पाहू शकणारा डॉक्टर किंवा साधा फंडस कॅमेरा पुरतो. ओसीटीची पाळी त्यानंतर.

थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचे धूसर दिसते. तपासणीला येताना सोबत कुणीतरी आणावे, स्वतः दुचाकी चालवत परत जाऊ नये. मागच्या स्कॅनचे कागद पिशवीत ठेवावेत आणि शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा स्कॅन करावे. प्रत्येक कंपनीचे यंत्र पडद्याची खालची सीमा थोडी वेगळ्या थरावर धरते, त्यामुळे एकाच डोळ्याची जाडी एका यंत्रावर कमी आणि दुसऱ्यावर जास्त येऊ शकते. आकडा वाढलेला दिसला तर सूज वाढली की यंत्र बदलले, हे आधी विचारून घ्यावे.